श्रीखंडाच्या डब्यातला भूकंप

दगडाला जीव लावणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण आमच्या वन्संइतकं दगडाच्या पोटातलं ओळखणारं माणूस उभ्या मराठवाड्यात दुसरं नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण. भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापिका, आता निवृत्त. लग्न केलं नाही. "केलं असतं तर तो बिचारा जन्मभर दगडांची पिशवी धरून उभा राहिला असता," हे त्यांचं त्यावरचं एकमेव भाष्य. मी नवी नवरी होऊन या घरात आले तेव्हा माहेरच्या बायकांनी नणंद या प्राण्याविषयी मला यथेच्छ घाबरवून ठेवलं होतं. वन्संनी पहिल्याच दिवशी मला जवळ बसवलं, हातावर एक काळपट खडा ठेवला आणि म्हणाल्या, "सुधा, चाटून बघ." शालू नेसलेली, हातभर चुडा भरलेली मी, नाही कशी म्हणणार? चाटला. "काय लागलं?" मी घाबरत म्हटलं, "मातीसारखं." झालं! भरल्या घरात माझी पाठ थोपटून त्यांनी जाहीर केलं, "बाळू, पोरगी हुशार आहे रे. हा दगड आतून मातीच व्हायला लागलाय." बाळू म्हणजे आमचे हे. आता सत्तरीला टेकले, नातवंडं झाली, पण त्यांच्या अक्काच्या, म्हणजे वन्संच्या, तोंडी बाळूच.

चाटणं ही वन्संची पहिली सवय. कुठलाही दगड, भुकटी, गाळ, काहीही असो, आधी बोटावर चोळणार, मग जिभेवर ठेवणार, मग समोरच्या दातांत कचकच करून पाहणार. डोळ्यांपेक्षा दात खरं सांगतात म्हणे. एकदा आमच्याकडं स्थळ घेऊन आलेल्या मंडळींसमोर त्यांनी कुंडीतली माती चाटली होती. ते स्थळ परत आलं नाही. दुसरी सवय म्हणजे पाहुण्यांना दौलताबाद दाखवणं. म्हणजे किल्ला नव्हे, त्याखालचा कातळ! नागपूरची माझी मावशी मोठ्या हौशीनं किल्ला बघायला आली, तिला वन्संनी खंदकाच्या कडेला उभं केलं आणि कातळातला एकेक थर समजावून सांगितला. ऊन डोक्यावरून कलून गेलं तरी मंडळी खंदकापाशीच. मावशीनं दबकत विचारलं, "आणि वर काय आहे?" वन्सं म्हणाल्या, "वर माणसांनी बांधलेलं आहे. ते काय, कधीही बघता येतं." मावशी अजून सांगते की देवगिरीचा किल्ला मी खालून पाठ केलाय.

आणि तिसरी गोष्ट श्रीखंडाच्या डब्यांची. वन्संना नमुने ठेवायला प्लास्टिकचे अर्धा किलोचे डबेच लागायचे. काचेच्या बरण्या फुटतात, स्टीलचे डबे मी देत नसे. त्यामुळं आमच्या घरात श्रीखंड हा सणाचा पदार्थ राहिलाच नाही. "डबे संपत आले," एवढं वन्संनी म्हटलं की आमच्या ताटात पुन्हा श्रीखंड-पुरी. डबा रिकामा झाला की धुऊन, पुसून, गॅरेजातल्या शेल्फवर नेऊन ठेवायचा, हा घरचा कायदा. वन्सं त्यात भुकटी भरायच्या आणि झाकणावर चिठ्ठी चिकटवून गावाचं नाव लिहायच्या. झाकणावर हं, डब्यावर नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ त्या झाकणानं घातला.

हे वेड कशापायी, हे मला पुष्कळ वर्षं कळलं नव्हतं. एकदा मेथी निवडताना त्यांनी आपणहून सांगितलं. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा वन्सं कॉलेजात शिकवत होत्या. चादरी आणि औषधं घेऊन निघालेल्या गाडीतून त्याही गेल्या. तिथं पडलेल्या घरापाशी एक बाई बसली होती. या भूगर्भाच्या मॅडम आहेत, असं कुणीतरी तिला सांगितलं. तिनं वर बघून विचारलं, "बाई, जिमीन एवढी घट व्हती, मंग सुटली कशी?" वन्संना फळ्यावर लिहायचं सगळं येत होतं. ताण साठतो, भेगेवर दगड सरकतो, वगैरे. पण ते तिच्यासमोर बोलवेना, कारण तिनं विचारलं होतं ते वेगळंच होतं. ज्या दगडांनी इतका काळ एकमेकांना धरून ठेवलं ते सरकायला लागल्यावर मधेच पुन्हा धरत का नाहीत? इतके निसरडे कसे होतात? "मला येत नव्हतं गं उत्तर," वन्सं म्हणाल्या, आणि मेथीच्या काड्या पातेल्यात अन् पानं कचऱ्यात टाकत राहिल्या.  त्या दिवशी भाजी थोडी कमी झाली.

निवृत्त झाल्यावर वन्संनी हे उत्तर शोधायला गॅरेज ताब्यात घेतलं. आमच्या ज्योतीनगरच्या घराला गॅरेज होतं आणि गाडी नव्हती, त्यामुळं कुणाची हरकत असायचं कारण नव्हतं. हरकत पुढं आली. बजाजनगरला एका छोट्या वर्कशॉपमध्ये वन्संना एक जुनं लेथ मिळालं आणि त्याच्याबरोबर वर्कशॉपचे मालक, मिस्तरीचाचा, हेही मिळाले. चाचांना हे प्रकरण शेवटपर्यंत पटलं नाही. "बाई, लोगां लेथ पे लोहा लगाते, तुम पत्थर लगा रहे. फूटेंगा तो मेरेकू नक्को बोलो." वन्सं म्हणाल्या, "हौ चाचा, नहीं बोलती." आणि फुटलाच. दगडाची एक चकती घट्ट बसवलेली, दुसरी तिच्यावर दाबून गरगर फिरवायची, असं ते यंत्र गॅरेजात बसलं. पहिल्याच दिवशी चकतीचा तुकडा खिडकीतून उडाला तो शेजारच्या गच्चीवर. शेजारचे वकीलसाहेब तुकडा हातात घेऊन दारात आले आणि गंभीरपणे म्हणाले, "अक्का, तुमचा भूकंप आमच्या कुरडयांवर पडला." वन्संनी त्यांच्या हातून तुकडा घेतला, उन्हात धरला आणि आनंदानं ओरडल्या, "अहो, कडेला काळी चमक आलीय बघा!" कुरडयांचं नावही नाही. पुढं चाचांनीच चकत्यांना लोखंडी कडं बसवून दिलं आणि वकीलसाहेबांचं वाळवण वाचलं.

यंत्र सुरू झालं की घर थरथरायचं. मांडणीवरच्या वाट्या किणकिणायच्या, देव्हाऱ्यातली घंटा आपोआप वाजायची. मी वैतागून एकदा विचारलंच, की ह्यातून निघतं तरी काय? वन्संनी मला तळहात एकमेकांवर घासायला लावले. "जोरात. अजून जोरात. गरम झाले? आता दगड कसा असतो बघ. तुला तो गुळगुळीत दिसतो, पण दुसऱ्या दगडाला तो टेकतो थोड्याच टोकांवर. हळू सरकला तर काही होत नाही, पकड तशीच राहते. पण भूकंपात सरकतो तसा झपकन सरकला की सगळी ऊब त्या टोकांत शिरते. क्षणात ती मऊ पडतात. कुठं दगड वितळून काचेसारखा रस होतो, कुठं पिठासारखी भुकटी होते, आणि मग धरायला काही उरतच नाही. सरकतो म्हणून तापतो, तापतो म्हणून आणखी सरकतो." मी म्हटलं, "म्हणजे आमच्या ह्यांच्या रागासारखं." त्या जरा विचार करून म्हणाल्या, "नाही. बाळूचा राग लवकर निवतो." भावाची बाजू अशी अगदी शास्त्रीय पद्धतीनं घ्यायच्या.

आणि हा भाऊ काय करत होता? बहिणीच्या यंत्राच्या नावानं शंख. ह्यांना जगात एकच शौक, कॅरम, आणि त्याची पावडरही श्रीखंडाच्या डब्यातच ठेवलेली. रोज संध्याकाळी वकीलसाहेबांबरोबर दिवाणखान्यात डाव मांडलेला, आणि नेमकी राणी घ्यायच्या वेळेला गॅरेजातून घरघर सुरू. सोंगट्या आपापल्या जागा सोडून चालायला लागायच्या. "अक्का, बंद कर तो कारखाना!" हे इथून ओरडायचे. "बाळू, दोन मिनिटं!" त्या तिथून ओरडायच्या. भावाबहिणीचं दिवसभरातलं बोलणं बहुतेक एवढंच. एका छपराखाली जन्म काढला दोघांनी, पण समोरासमोर बसून चार शब्द बोललेले मी क्वचित पाहिले. आई गेली तेव्हासुद्धा नुसते शेजारी शेजारी बसून होते.

मागच्या उन्हाळ्यात वन्संच्या डोक्यात एक नवी काळजी शिरली. चाचा वर्कशॉप बंद करून मुलाकडं राहायला जायचं म्हणत होते, आणि वन्संचा हातही पूर्वीसारखा चालेना. पाना आवळताना दम लागायचा. "माझ्यामागं हे यंत्र भंगारात जाऊ नये गं, सुधा," एकदा म्हणाल्या. "माझं काय व्हायचं ते होवो. हे फिरतं राहिलं पाहिजे." कधी काही न मागणारं माणूस ते. त्यांनी पुण्याच्या एका मोठ्या संस्थेला कळवलं. तिथून निरोप आला की यंत्र आणि त्यावरचं काम प्रत्यक्ष बघू, मग ठरवू. वन्संनी ठरवलं, आता एक असा प्रयोग दाखवायचा की नाव काढतील.

त्यासाठी भुकटीही तशीच मिळाली. वैजापूरकडं एका शेतात विहीर खोदताना कातळात तिरपी भेग लागली होती, आणि तिच्या दोन्ही भिंती घासून चकचकीत झालेल्या. वन्संना कुणीतरी कळवलं. या वयात, साडीवर कॅनव्हासचे बूट घालून, क्रेनच्या बादलीत बसून बाई विहिरीत उतरल्या! काठावरनं शेतमालक ओरडतोय, "बाई, पाणी लागंल का नाय तेवढं सांगा की!" खालून वन्संचा आवाज, "पाण्याचं मला कळत नाही, पण इथं जमीन सरकलीय!" काठावरची सगळी माणसं टुणकन मागं. "आत्ता व्हय?" "नाही हो, फार फार पूर्वी!" "मंग असं सांगा की बाई. लई भ्यालो ना!" त्या भेगेत दोन दगडांच्या मधे दळलेली पांढुरकी भुकटी होती. ती डब्यात भरून, मांडीवर ठेवून, देवाचा प्रसाद आणावा तशी त्यांनी एसटीनं घरी आणली. झाकणावर लिहिलं, 'वैजापूर, विहीर'.

प्रयोग झाला, आणि काय सांगू, वन्सं गॅरेजातून अक्षरशः धावत आल्या. भुकटी इतकी घसरली होती की पकड मोजणारा काटा जवळजवळ तळाला. आपल्या काळ्या दगडाची भुकटी इतकी निसरडी कुणाला सापडली नव्हती म्हणे. पुन्हा केला, तेच. पुन्हा केला, तेच. त्या आठवड्यात वन्सं घरात गुणगुणत होत्या. आमचे हे मात्र नेमके त्याच आठवड्यात बेजार. वकीलसाहेबांकडून रोज हार. "पावडर भेसळीची आलीय," असं म्हणून दुकानदाराचा उद्धार चाललेला. "स्ट्रायकर ढकलला की जागीच बसतो, जसं काय बोर्डाला गोंद लावलाय." मी लक्ष दिलं नाही. घरात एक माणूस घसरण्याच्या आनंदात आणि एक न घसरण्याच्या दुःखात, आणि दोघांना जेवायला मीच वाढत होते.

पुण्याची मंडळी आली ती सकाळीच. एक ज्येष्ठ शास्त्रज्ञ, आम्ही त्यांना सरच म्हणत होतो, आणि त्यांच्याबरोबर एक तरुण मॅडम. पोहे झाले, गॅरेज बघून झालं. वन्संनी आलेख पुढं ठेवला. मॅडमचे डोळे मोठे झाले. सर बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बाई, हे फार मोठं आहे. यंत्र आम्ही नेतो, आणि हा निष्कर्ष तुमच्या नावानं छापू." वन्संनी माझ्याकडं पाहिलं. लहान मुलीच्या तोंडावर असतो तसा आनंद होता तो. मी चहा टाकायला आत वळले, आणि आमचे हे, यजमानकीचा उमाळा आलेला गृहस्थ, सरांना म्हणाले, "चहा होईस्तोवर एक हात खेळू या का?"

सरांनी स्ट्रायकर मारला. तो वीतभर गेला आणि थांबला. "माफ करा हं," हे म्हणाले, "पावडर आठवडाभर अशीच आहे. झाकण फुटलं होतं म्हणून मी गॅरेजातलं दुसरं लावलं, तरी दमट झाली वाटतं."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते, म्हणून मला वन्संचा चेहरा दिसला. त्या बोलता बोलता थांबल्या. उठल्या. बोर्डापाशी आल्या, चिमूटभर पावडर घेतली, बोटांत चोळली, जिभेवर ठेवली आणि दातांत धरली. त्या शांत दिवाणखान्यात मला ती कचकच ऐकू आली. मग ह्यांचा डबा उचलला, तसाच गॅरेजातला आणला, दोन्ही शेजारी ठेवले. सगळा प्रकार उघड होता. अक्काचा डबा टेबलावर उघडाच होता; ह्यांनी आपला डबा शेजारी ठेवला, शेल्फवरचं कोरं झाकण चुकून अक्काच्या डब्यावर लावलं, तिचं झाकण आपल्या डब्यावर ठेवलं, आणि परत येताना डबा उचलला अक्काचा. 'वैजापूर, विहीर' हे झाकण कॅरमच्या पावडरीवर बसलं होतं आणि वैजापूरची विहीर आमच्या बोर्डावर आली होती. "झाकणावर वैजापूर लिहिलेलं दिसलं नाही तुम्हाला?" मी नंतर ह्यांना विचारलं, तर म्हणतात, "मला वाटलं, श्रीखंड कुठून आणलं ते लिहिलंय."

पण ते नंतर. त्या क्षणी ते फक्त आम्हा घरच्यांना कळलं होतं. पाहुण्यांना काही म्हणजे काही कळलं नव्हतं. सर स्ट्रायकर पुसत होते. वन्सं डबे परत ठेवून चहा प्यायल्या असत्या तर यंत्र पुण्याला, नाव छापून, सगळं झालं असतं.  खरं सांगते, मनात म्हणत होते, वन्सं, बसा खाली, आयुष्यभर फार खरं वागलात.

वन्सं म्हणाल्या, "सर, तो आलेख मला परत द्या. ती घसरण दगडाची नाही, आमच्या बाळूच्या कॅरमची आहे." आणि आलेखाचे त्यांनी स्वतः चार तुकडे केले. मॅडम आधी हसल्या, मग सरांकडं बघायला लागल्या. सर म्हणाले, "कळवतो." चहा निवून गेला. गाडी गेल्यावर हे बोर्डापाशी मान खाली घालून उभे होते. मला वाटलं, आता जन्मात पहिल्यांदा ह्या घरात भांडण बघायला मिळणार. वन्सं म्हणाल्या, "बाळू, बोर्डावरची भुकटी वाया घालवू नको. ब्रश आण."

मग मी जे पाहिलं ते कधी विसरणार नाही. डब्यात उरलेली होती त्यावर भागत नव्हतं, म्हणून भाऊबहीण बोर्डाच्या दोन बाजूंना बसून मऊ ब्रशनं वैजापूरची विहीर गोळा करत होते. न बोलता, अर्थात. हे बोर्डाच्या चारही खिशांत बोटं घालून शेवटचा कण काढत होते. प्रयोग पुन्हा झाला तेव्हा यंत्राचा पाना ह्यांनी आवळला. निकाल अगदी साधा आला. भुकटी घसरली, पण जगात सगळ्यांची घसरते तेवढीच. वन्संनी तोच पाठवला, आणि खाली लिहिलं की यातली थोडी भुकटी कॅरम खेळून आलेली आहे.

पुढं एका दुपारी सरांचा फोन आला. यंत्र न्यायचं ठरलं होतं. "पण एक अट आहे," सर म्हणाले, "बाई स्वतः बरोबर हव्यात. आमच्याकडंही डबे पुष्कळ आहेत." वन्सं फोन ठेवून बराच वेळ पदरानं चष्मा पुसत बसल्या. टेंपो आला तेव्हा चाचा बजाजनगरहून मुद्दाम आले, यंत्रावर हात फिरवून म्हणाले, "बाई, इतने बरसां हुए, मेरेकू अब भी नहीं मालूम ये क्या करता." वन्सं म्हणाल्या, "चाचा, मेरेकू भी थोडाच मालूम."

थोडे दिवस म्हणून गेलेल्या वन्सं तिथंच रमल्या. ज्योतीनगरच्या घरात आता वाट्या किणकिणत नाहीत. देव्हाऱ्यातली घंटा हातानं वाजवावी लागते. ह्यांना बोर्ड कसा निर्वेध मिळालाय, सोंगट्या ठेवाव्या तिथं राहतात, पण ह्यांचं खेळात लक्ष नाही. संध्याकाळी गॅरेजात जाऊन अक्काच्या स्टुलावर पेपर वाचत बसतात. तिथं उजेड बरा नाही, असं मी सांगितलं तर म्हणतात, पुरतो.

परवा वन्संचा फोन आला. नवा प्रयोग लावलाय म्हणे. दगड सुटतो कसा हे पुष्कळ झालं, आता सुटलेला दगड पुन्हा धरतो कसा ते बघायचंय. "त्यासाठी काय करायचं?" मी विचारलं. "काही नाही गं. यंत्र थांबवायचं आणि दोन्ही चकत्या टेकवून तशाच राहू द्यायच्या. जितक्या जास्त वेळ गप्प टेकून राहतात तितकी पकड वाढते." मग जरा थांबून, "बाळू काय करतोय?" मी म्हटलं, "गॅरेजात बसलेत. तुमच्या स्टुलावर."   मग म्हणाल्या, "बसू दे. सांग त्याला, दिवाळीला येते."

मी गॅरेजात जाऊन सांगितलं. हे उठले, शेल्फवरचे श्रीखंडाचे रिकामे डबे खाली काढले, एकेक पुसला, आणि प्रत्येक झाकणावर आणि प्रत्येक डब्यावर, दोन्हीकडं, कोरी चिठ्ठी चिकटवत बसले. मी विचारलं, नावं नाही लिहीत? तर मान वर न करता म्हणाले, "ती अक्का आल्यावर लिहील."